मेघांतील दप्तर

सोलापूरहून पूर्वेस हैदराबादकडे जाणारा राजमार्ग नळदुर्ग ओलांडून पुढें उमरग्यास येतो. धाराशिव जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें; कर्नाटकाची सीमाहि येथून फार दूर नाहीं. अशा गांवांतील बहुतेक जुन्या घरांत कागदपत्रांची एक पेटी असते. जमिनीचे उतारे, खरेदीखतें, मुलांचीं प्रमाणपत्रें, दवाखान्याचे कागद असें सारें तींत ठेवलेलें असतें, आणि किल्ली वडील माणसाच्या कमरेला. आतां ह्या पेटीची जागा हळूहळू संगणक घेऊं लागला आहे. त्यांतहि संगणकाचा एक हलका प्रकार असा निघाला आहे कीं, त्याच्या पोटांत जवळजवळ कांहींच राहत नाहीं. सारे कागद दूर कोठें तरी 'क्लाउड'मध्यें, म्हणजे मेघांत, असतात. असें यंत्र रोजच्या संसारास पुरेल काय, आणि त्याच्यावर किती विसंबावें, हा प्रश्न आज कित्येक घरांपुढें आहे.

मेघ हें नांव काव्यमय खरें, परंतु वस्तु अगदीं जमिनीवरची आहे. मोठमोठ्या इमारतींत हजारों संगणक रात्रंदिवस चालू असतात, त्यांना वीज व गारवा अखंड पुरविला जातो, आणि तंतुवाहिन्यांच्या द्वारें ते जगाशीं जोडलेले असतात. मुंबईच्या परिसरांतहि अशा इमारती आहेत. दूरच्या यंत्राकडून काम करून घेण्याची कल्पना तरी महाराष्ट्रास नवी नाहीं. १९६४ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 'सीडीसी ३६००' नांवाचा मोठा संगणक बसविण्यांत आला. देशांतील अनेक विद्यापीठें व संशोधनसंस्था आपलीं गणितें त्या एकाच यंत्राकडे पाठवीत. छिद्रें पाडलेल्या पत्त्यांचे गठ्ठे जात, उत्तरें छापून येत. यंत्र एकाकडे आणि उपयोग अनेकांस, हें तेव्हांचें सूत्र. मधल्या काळांत संगणक स्वस्त होऊन घरोघर आला व प्रत्येकाचें दप्तर त्याच्या टेबलावर आलें. आतां तें पुन्हां दूर गेलें आहे. फरक एवढाच कीं, दिवसांचें उत्तर क्षणांत येतें.

ह्या हलक्या यंत्रांपैकीं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे क्रोमबुक. गूगल कंपनीनें त्याची घोषणा मे २०११ मध्यें केली, आणि त्याच वर्षीं सॅमसंग व एसर यांनीं तीं बाजारांत आणलीं. ऑक्टोबर २०२३ पासून एचपी कंपनीचीं क्रोमबुकें चेन्नईजवळच्या कारखान्यांत बनूं लागलीं. सामान्यतः त्याचें वजन एक ते दीड किलो, आणि आंतील सांठा विंडोजच्या यंत्राच्या मानानें अगदीं लहान. मात्र त्याच्या कामकाजाची रचना समजून घेण्यासारखी आहे. यंत्रांत कार्यप्रणालीच्या दोन प्रती असतात. एक प्रत चालू असतांना दुसरी पाठीमागें सुधारून घेतली जाते, आणि पुढच्या वेळीं यंत्र सुरू होतें तें सुधारलेल्या प्रतीवर. शिवाय प्रत्येक वेळीं सुरू होतांना आपल्या प्रणालींत कोणी ढवळाढवळ केली आहे काय, हें यंत्र स्वतः तपासून पाहतें. दोष आढळल्यास दुसऱ्या प्रतीचा आधार घेतें. त्यामुळें विंडोजसाठीं लिहिलेल्या विषाणूंचा त्यास उपद्रव होत नाहीं, आणि कांहीं सेकंदांत तें कामास तयार होतें.

उमरग्यासारख्या गांवीं एका घराचा दिवस डोळ्यांपुढें आणावा. सकाळीं शिक्षिका असलेली गृहिणी प्रश्नपत्रिका लिहिते. प्रत्येक ओळ लिहितांच दूर जतन होते, तेव्हां मधेंच वीज गेली तरी लिहिलेलें जात नाहीं. दुपारीं मुलगा त्याच यंत्रावर स्वतःच्या खात्यानें प्रवेश करतो; आईचे कागद त्यास दिसत नाहींत, त्याचे तिला दिसत नाहींत. सायंकाळीं घरचा कर्ता डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून घेतो, वीजबिल भरतो, पुण्याच्या मुलीशीं समोरासमोर बोलतो. चांगल्या यंत्राची बॅटरी आठदहा तास टिकते, ही मराठवाड्यांत लहान गोष्ट नव्हे. एवढ्या कामांस हें हलकें यंत्र उत्तम पुरतें, असें निःशंक म्हणतां येईल.

त्याचा खरा मोठा गुण मात्र संकटकाळीं दिसतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. तेव्हांच्या उमरगा तालुक्यांतील सास्तूर वगैरे गांवेंहि त्यांत उद्ध्वस्त झालीं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचा भार, अशीं तीं घरें झोपेंतल्या माणसांवर कोसळलीं. हजारों जीव गेले. जे वांचले त्यांच्या पेट्या व पेट्यांतील कागद ढिगाऱ्याखालीं राहिले. मेलेल्या माणसांपुढें कागदांचें दुःख तें काय! परंतु पुढें वारसा, जमीन, शाळेंतील प्रवेश, मदतीची रक्कम ह्या प्रत्येक दारांत कागदच विचारला जातो. एकच प्रत एकाच छपराखालीं ठेवणें किती धोक्याचें, हें ह्या भागास निराळें शिकविण्याची गरज नाहीं. मेघांतील दप्तराच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणीं ठेवलेल्या असतात. यंत्र हरवो, फुटो, पाण्यांत पडो. दुसऱ्या यंत्रावर नांव व परवलीचा शब्द दिला कीं सारें पुन्हां समोर येतें.

आतां दुसरी बाजू. जाळें तुटलें कीं दप्तराचें दार लागतें. वीज गेल्यावर यंत्र बॅटरीवर चालतें खरें, पण घरांतील तंतुजोडणीचा राउटर विजेवर चालत असल्यामुळें तो बंद पडतो. मग मोबाइलचा आधार घ्यावा लागतो. लेखनाच्या कामास तो पुष्कळ पुरतो. चलच्चित्र मात्र तासाला सुमारें एक जीबी सहज गिळतें, आणि दिवसाचा ठराविक सांठा दोन तासांत संपतो. जाळें नसतांनाहि लिहितां येण्याची सोय आहे, परंतु ती आधींच चालू करून हवे ते कागद यंत्रांत उतरवून ठेवावे लागतात. पूर येण्यापूर्वीं नाव बांधावी, तशीच ही गोष्ट.

दुसरी अडचण कार्यक्रमांची. टॅलीसारखे विंडोजसाठीं लिहिलेले हिशेबाचे कार्यक्रम ह्या यंत्रावर जसेच्या तसे चालत नाहींत. निविदा भरणाऱ्या ठेकेदाराची डिजिटल स्वाक्षरीची किल्लीहि सहसा विंडोजच्याच यंत्रावर चालते. मराठी घरांस आणखी एक गोष्ट जाणवेल. युनिकोड पद्धतीचें देवनागरी ह्या यंत्रावर उत्तम उमटतें. परंतु छापखान्यांतून वर्षानुवर्षें वापरलेल्या जुन्या फाँटांत तयार केलेले लेख त्यावर उघडले तर अक्षरांऐवजीं निरर्थक चिन्हें दिसतात. असे कागद प्रथम युनिकोडमध्यें बदलून घ्यावे लागतात. म्हणून दुकानदार, ठेकेदार व छापखानेवाले यांनीं ह्या यंत्रास दुसरें यंत्र मानावें. विद्यार्थी, शिक्षक व सामान्य कुटुंब यांस तें एकमेव म्हणून चालेल. विकत घेतांना एक तारीख अवश्य पाहावी. सप्टेंबर २०२३ मध्यें गूगलनें २०२१ पासूनच्या क्रोमबुकांस दहा वर्षें सुधारणा पुरविण्याचें जाहीर केलें. परंतु हीं दहा वर्षें खरेदीच्या दिवसापासून मोजलीं जात नाहींत, तो नमुना प्रथम निघाला तेव्हांपासून मोजलीं जातात. स्वस्तांत मिळालेलें जुनें यंत्र म्हणूनच महाग पडूं शकतें.

सर्वांत नाजूक गोष्ट किल्लीची. पेटीची किल्ली हरवली तर लोहार कुलूप तोडून देतो. मेघांतील कुलूप तोडणारा लोहार नाहीं. परवलीचा शब्द विसरला, आणि ज्या मोबाइलवर खात्रीचा आंकडा येतो तो क्रमांकहि बंद पडला, तर स्वतःचेंच दप्तर परकें होतें. गूगलच्या खात्यांत १५ जीबी सांठा विनामूल्य असतो. तो भरला कीं नवीं पत्रें येणें थांबतें. दोन वर्षें न उघडलेलें खातें पुसून टाकण्याचा अधिकार कंपनीनें राखून ठेवला आहे. घरचा कर्ता अचानक गेला आणि किल्ली कोणासच ठाऊक नसली, तर जमिनीच्या कागदांपासून नातवंडांच्या छायाचित्रांपर्यंत सारें त्याच्याबरोबर जाण्याचा संभव असतो. ह्यावर उपाय आहेत, पण ते जिवंतपणींच करावे लागतात. खातें तीन ते अठरा महिन्यांपैकीं ठरविलेल्या मुदतींत वापरलें गेलें नाहीं, तर तें कोणाच्या हातीं द्यावें, हें आधीं नोंदवून ठेवण्याची सोय २०१३ पासून आहे. सर्व सांठ्याची एक प्रत उतरवून घरच्या डिस्कवर ठेवतां येते. आणि मोबाइल नसतांनाहि प्रवेश मिळावा म्हणून दहा राखीव सांकेतिक आंकडे कागदावर छापून घेतां येतात.

वर्षांतून एकदां, दसऱ्याला वा पाडव्याला, घरांतील दोघांनीं बसून हीं तीन कामें केलीं तर हलक्या यंत्राची बहुतेक भीति संपते. तो दहा आंकड्यांचा कागद मात्र जपून ठेवण्यास जागा हवी. आणि त्यासाठीं घरांतील जुन्या पेटीइतकी योग्य जागा दुसरी नाहीं.