विश्वस्ताची पात्रता : पदवी आणि परिचर्या

धर्मार्थ दवाखान्याच्या वार्षिक अहवालात आरंभीच विश्वस्तांची नावे छापलेली असतात. नावापुढे पदवी असते, क्वचित भूषविलेले पद असते. त्या व्यक्तीने आजवर सेवा म्हणून काय केले, याचा उल्लेख मात्र अभावानेच आढळतो. ही उणीव आम्हांसही पूर्वी जाणवली नव्हती. एकलहरे येथील अनुभवाने ती जाणवून दिली.

नाशिकजवळील हे गाव औष्णिक विद्युत केंद्रामुळे सर्वपरिचित आहे. शेतकरी, केंद्रातील कामगार, कंत्राटी मजूर आणि निवृत्त कर्मचारी अशी येथील संमिश्र वस्ती. दर रविवारी मोफत औषधोपचार करणाऱ्या एका छोट्या संस्थेचे आम्ही विश्वस्त होतो. मंडळात सारे वैद्यच होते आणि त्याचा आम्हांस अभिमानही होता.

कोषाध्यक्षांचे निधन झाले. विश्वस्तांत बदल झाल्यास नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास तसा अहवाल द्यावा लागतो, अशी तरतूद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात आहे. आम्ही तो दिला नाही. पुढे बँकेने नव्या स्वाक्षऱ्या स्वीकारण्यास नकार दिला आणि खाते अडकले. ऐन वर्षाऋतूत, वातप्रकोपाच्या काळात, गुग्गुळकल्प आणि तेले संपली. गुडघे धरून आलेल्या वृद्धांना आम्ही रिकाम्या हाती परत पाठविले. रुग्ण होते, वैद्य होते, निधीही होता. अडले ते एका कागदावाचून.

मार्ग काढला तो विद्युत केंद्राच्या लेखा विभागातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. सहा वर्षे ते रविवारी केसपेपर लिहीत असत. या अहवालाची आठवण त्यांनी आम्हांस दोनदा करून दिली होती. आम्ही ती मनावर घेतली नव्हती. विलंब माफीच्या अर्जासह त्यांनी सर्व कागद सिद्ध केले, नाशिकला खेपा घातल्या आणि खाते खुले झाले. विश्वस्तपदासाठी त्यांचे नाव मात्र तोवर कोणासही सुचले नव्हते.

तेव्हा चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय आम्ही पुन्हा उघडला. चिकित्सेच्या चार पादांपैकी वैद्याचे गुण चार : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, वारंवार पाहिलेले कर्म, दाक्ष्य आणि शौच. परिचारकाचे गुणही चारच : उपचारांची जाण, दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच. दाक्ष्य आणि शौच दोन्हीकडे समान आहेत. विश्वस्ताला आमच्या मते हे दोन्ही पाद लागू पडतात. व्यवसायातून तो ज्ञान आणतो, सेवेतून अनुराग. दाक्ष्य आणि शौच यांवाचून मात्र ज्ञान आणि अनुराग दोन्ही व्यर्थ होत.

महाराष्ट्रात याची थोर उदाहरणे आहेत. वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ साली करणारे बाबा आमटे व्यवसायाने वकील होते. नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषवीत असतानाही त्यांनी सफाई कामगारांबरोबर मैला वाहिला होता. कुष्ठरोगाचे काम हाती घेतल्यावर केवळ कळवळ्यावर न विसंबता ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्या रोगाचे शिक्षण घेऊन आले. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या १९८६ सालच्या आरंभामागे मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट, वैद्यकाची पदवी असूनही लेखणी हाती धरलेले डॉ. अनिल अवचट आणि देणगी देणारे पु. ल. व सुनीताबाई देशपांडे असे भिन्न क्षेत्रांतील जन एकत्र आले होते. एकाच विद्येच्या माणसांनी संस्था उभी राहतेच असे नाही.

म्हणून वैद्यबंधूंस आमची विनंती आहे. अहवालात प्रत्येक विश्वस्ताविषयी तीन गोष्टी छापाव्यात : त्याचा व्यवसाय, त्याने प्रत्यक्ष केलेली सेवा आणि संस्थेतील त्याची निश्चित जबाबदारी. संस्थेस औषधे पुरविणाऱ्या व्यवसायाशी त्याचा संबंध असेल, तर तोही स्पष्ट लिहावा. शौचाचा हा अर्थ लेखापरीक्षकाआधी आपणच ओळखावयास हवा. हिशेब समजणारी एक व्यक्ती मंडळात अवश्य असावी. रिक्त जागा भरताना प्रथम रविवारच्या शिबिरात सतरंजी अंथरणाऱ्यांकडे पाहावे.

आमच्या अहवालात आता त्या निवृत्त गृहस्थांचे नाव कोषाध्यक्ष म्हणून छापले जाते. नावापुढे पदवी नाही. ‘सहा वर्षे केसपेपर लेखन’ एवढेच शब्द आहेत. केसपेपर ते अजूनही लिहितात.