पक्षाघातानंतर हातापायांची हालचाल सुधारण्यासाठी झोप का महत्त्वाची?

पक्षाघाताचा (लकव्याचा) रुग्ण दवाखान्यातून घरी आला की सगळ्यांचे लक्ष व्यायामाकडे असते. हात कधी उचलता येईल, आधाराशिवाय कधी चालता येईल, हेच प्रश्न नातेवाईक विचारतात. रुग्ण रात्री कसा झोपतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. दिवसा केलेल्या व्यायामाचा पुरेपूर फायदा होण्यासाठी रात्रीची शांत झोपही आवश्यक असते.

झोपेचा आणि हालचालीचा संबंध काय?

पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो किंवा तेथे रक्तस्राव होतो व त्या भागातील पेशी मरतात. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. मात्र सरावाने मेंदूचे इतर भाग त्यांचे काम काही प्रमाणात शिकून घेतात. पेला धरणे, सदऱ्याचे बटण लावणे हे रुग्णासाठी नव्याने शिकणेच असते. दिवसा शिकलेली हालचाल मेंदू झोपेत पक्की करतो. पुनर्वसनाच्या काळात ज्यांची झोप वारंवार मोडते, त्यांच्या हालचालीत सुधारणा सावकाश होते, असे अभ्यासांत आढळले आहे. अपुऱ्या झोपेमुळे थकवा येतो, व्यायामात लक्ष लागत नाही आणि तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

झोप का मोडते?

• झोपेत श्वास अडणे (स्लीप ॲप्निया): पक्षाघाताच्या निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये हा त्रास आढळतो. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, दचकून जागे होणे ही त्याची लक्षणे आहेत. त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि पुन्हा झटका येण्याचा धोकाही वाढतो.
• खांदेदुखी, स्नायूंचा ताठरपणा किंवा पायात गोळे येणे.
• रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे.
• उदासी व काळजी. पक्षाघातानंतर नैराश्य येणे सामान्य आहे आणि त्यावर उपचार आहेत.
• दिवसभर अंथरुणात पडून राहणे.

घरी काय करावे?

• झोपण्याची व उठण्याची वेळ रोज सारखीच ठेवा.
• सकाळी रुग्णाला अंगणात, गॅलरीत किंवा खिडकीजवळ उजेडात बसवा.
• दुपारची झोप साधारण अर्ध्या तासाची असावी आणि ती 3 वाजण्यापूर्वी संपावी. आजाराच्या पहिल्या काही आठवड्यांत जास्त विश्रांती लागू शकते.
• दुपारनंतर चहा-कॉफी टाळा. तंबाखू व मिश्री पूर्ण बंद करा. त्यांतील निकोटिन झोप उडवते आणि रक्तवाहिन्यांनाही घातक असते.
• निरोगी कुशीवर झोपवताना दुर्बल हात छातीसमोर उशीवर ठेवा व दुर्बल पायाखालीही उशी द्या. कूस बदलताना दुर्बल हात धरून ओढू नका, खांदा दुखावतो.
• रात्री मंद दिवा लावा आणि लघवीचे भांडे हाताशी ठेवा.

स्वतःच्या मनाने झोपेची गोळी देऊ नका

मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देणे सोपे वाटते, पण ते धोक्याचे आहे. काही गोळ्यांमुळे दुसऱ्या दिवशी गुंगी राहते, तोल जातो, गोंधळ उडतो आणि झोपेत श्वास अडण्याचा त्रास वाढू शकतो. डॉक्टरांनी आधीच गोळी सुरू केली असेल, तर तीही एकदम बंद करू नका. लघवीच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीमुळे झोप मोडत असेल, तर वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांना काय सांगावे?

रुग्ण कधी झोपला, किती वेळा उठला, घोरला का, दिवसा किती झोपला, हे 1 आठवडा वहीत लिहा. घोरताना श्वास थांबत असल्यास मोबाइलवर चित्रण करून दाखवा. तपासणीत स्लीप ॲप्निया आढळल्यास झोपताना सीपॅप यंत्राचा मास्क लावण्याचा सल्ला मिळू शकतो.

रुग्णाला अचानक गुंगी आली, हाक मारूनही तो नीट जागा होत नसेल, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हातपाय अधिक कमजोर झाले, तर ती झोप समजून सकाळची वाट पाहू नका. लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

व्यायामाला झोप हा पर्याय नाही. दिवसा नियमित सराव आणि रात्री पुरेशी झोप, दोन्ही मिळूनच रुग्णाला पुन्हा उभे राहण्यास मदत होते.