जंगलमुलखातली पेशी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याचे घर कोर्टापासून फार लांब नसावे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात पायरी चढण्याआधी पायरीपर्यंत पोचणे हीच मोठी गोष्ट असते. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर, आणि तिथून नागपूरचे खंडपीठ आणखी पावणेदोनशे. रेल्वे म्हणाल तर ती वडशाला, म्हणजे जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा रस्ता बंद. अशा वेळी अशील आला नाही म्हणून वकील चिडतो आणि वकील काही कळवत नाही म्हणून अशील खचतो.

बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षे या भागातल्या शाखांमधून गेली. काळा कोट मी कधी घातला नाही, पण बँकेचे खातेवही उघडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा मात्र पुष्कळदा राहिलो. तिथून चार हातांवर उभे असलेले वकील नीट दिसतात. कोणाची तयारी झाली आहे आणि कोण बाररूममधून चहा अर्धा टाकून तसाच उठून आला आहे, हे पिंजऱ्यातल्या माणसाला न्यायाधीशांच्या आधी कळते. नात्यातल्या एका मुलीने सनद घेतली आणि इथेच दिवाणी काम करायचे ठरवले, तेव्हा तिला जे सांगितले ते इथे थोडे विस्ताराने मांडतो. मजकूर वकिलीचा असला तरी अशिलांनीही वाचायला हरकत नाही, कारण दावा हरला तर जमीन अशिलाची जाते.

अमेरिकेत संघराज्याची न्यायालये वेगळी आणि राज्यांची वेगळी. कोणत्या दारात जायचे, यावरच तिथे पहिली लढाई होते. आपल्याकडे तसे नाही. शेजाऱ्याने धुरा कोरला तरी आणि भारत सरकारने तुमचे बिल अडवले तरी, खालच्या पायरीला दिवाणी न्यायाधीश तोच. म्हणून दाराचा प्रश्न आपल्याकडे नाही, असे नव्या वकिलाला वाटते. तो आहे, पण निराळ्या रूपात आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल, तर ती परत मिळवण्याचा मार्ग १९७४च्या कायद्याने महसूल अधिकाऱ्यांकडे जातो. शेतात जायचा रस्ता शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून मागायचा असेल तर आधी तहसीलदार. बँकेची वसुली २० लाखांची किंवा त्याहून मोठी असेल तर नागपूरचे कर्जवसुली न्यायाधिकरण. ही मर्यादा १९९३च्या कायद्यात १० लाख होती, २०१८ साली ती वाढली.

आणि वनहक्क. इथे शब्दानेच घोटाळा केला आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखाली गावकरी जो अर्ज करतात त्यालाही सगळे ‘दावा’च म्हणतात. ‘साहेब, आमचा दावा पडून आहे,’ असे सांगत माणूस येतो आणि नवा वकील कोर्टाच्या फायली धुंडाळू लागतो. तो दावा ग्रामसभेत सुरू होतो, तिथून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे जातो. ग्रामसभेच्या ठरावाने नाराज झालेल्याला ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागावी लागते, आणि त्या समितीच्या निर्णयावर पुढे जिल्हा समितीकडे जायलाही तेवढेच दिवस. जिल्हा समितीचा निर्णय मूळ कायद्यात अंतिम होता. अनुसूचित क्षेत्रासाठी राज्यपालांच्या मे २०२०च्या अधिसूचनेने त्यावर विभागीय समितीकडे अपिलाची सोय झाली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला तो याच वाटेने, दिवाणी कोर्टात न जाता. तेव्हा अशील ‘दावा’ म्हणाला की पहिला प्रश्न विचारावा : कुठला? कोर्टातला की ग्रामसभेतला?

आता मुदतीविषयी. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बँकेच्या माणसाला झोपेतही तीन वर्षांचा हिशेब दिसतो. पैशाच्या वसुलीच्या दाव्याला ३ वर्षे, मालकीच्या जोरावर स्थावराचा ताबा मागायला १२ वर्षे. १९६३च्या मुदत कायद्यातली ही दोन कलमे आमच्या शाखेतल्या शिपायालाही पाठ होती. कर्जदाराने मुदत संपण्याआधी कर्ज लेखी कबूल केले तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. म्हणून बँकेचा अधिकारी सायकलवरून गावोगाव सह्या आणि अंगठे घेत फिरायचा. पण ही कबुली तीन वर्षे उलटल्यानंतरची असेल तर तिचा उपयोग नाही. त्यानंतर कर्ज फेडण्याचे नवे लेखी वचनच लागते.

इथल्या वकिलाने मनावर कोरून ठेवावी अशी गोष्ट पुढे आहे. अपील उशिरा झाले तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो. पूर आला, रस्ता तुटला, म्हातारा आजारी होता, ही कारणे तिथे ऐकली जातात. मूळ दाव्याला मात्र हे कलम लागूच नाही. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडल्याच्या दिवशी दावा लावता येतो. परंतु कोर्ट उघडे आहे आणि नदी मात्र पुलावरून वाहते आहे, तर कायद्याच्या दृष्टीने तो दिवस गेला. करोनाच्या काळात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ एवढा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला होता. पण पर्लकोटेच्या पुरासाठी असा आदेश निघत नाही. म्हणून ज्याची मुदत जुलै-ऑगस्टमध्ये संपते, त्याचे कागद वकिलाने मे महिन्यातच मागवावेत. तेंदूपत्त्याचा हंगाम संपला की लोकांच्या हातात चार पैसे असतात आणि रस्तेही कोरडे असतात.

मुदत मोजायची तर तारीख हवी, आणि तारीख आमच्या माणसाकडे नसते. ‘मालगुजारी गेली त्या साली,’ असे तो म्हणतो, म्हणजे १९५१. ‘जिल्हा वेगळा झाला तेव्हा,’ म्हणजे २६ ऑगस्ट १९८२च्या आसपास. असा माणूस समोर बसला की त्याला दटावू नये. त्याच्या पोराचे लग्न, गावातले मोठे आजारपण, पूर, यांची माळ धरून साल काढावे आणि मग ते सातबारा, फेरफार, शाळेचा दाखला, काय मिळेल त्याच्याशी ताडून पाहावे. यात एक अख्खी दुपार जाते. ती जाऊ द्यावी.

सरकारविरुद्धच्या कामात तर आणखी दोन महिने. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी नोटीस, आणि ती दिल्यापासून दोन महिने होईपर्यंत दावा लावायचा नाही. राज्य सरकारसाठी ती जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देता येते. केंद्राला ती खात्याच्या सचिवांकडे जाते, रेल्वे असेल तर महाव्यवस्थापकांकडे. नोटिशीचे हे दिवस मुदतीतून वजा होतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. उद्याच बुलडोझर येणार असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवायही दावा लावता येतो, मात्र सरकारला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय हुकूम मिळत नाही. प्रतिवादीचे नाव अचूक लिहावे. ‘वन विभाग, आलापल्ली’ असा प्रतिवादी नसतो. ‘महाराष्ट्र राज्य’ असा असतो. भद्रावतीचा आयुध कारखाना २०२१ पर्यंत थेट भारत सरकारचा होता, त्यानंतर तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला. दावा कोणत्या सालच्या व्यवहाराचा आहे हे पाहूनच शीर्षक लिहायचे. सिरोंच्याच्या बाजूला गोदावरीवर मेडीगड्ड्याचा बांध २०१९ साली सुरू झाला. बांध तेलंगणाचा आणि पाण्याखाली जाणारे शेत महाराष्ट्राचे. अशा नुकसानीचा दावा जिथे शेत आहे तिथल्या कोर्टात लावता येतो. नोटीस मात्र हैदराबादच्या सचिवांना किंवा तिकडच्या जिल्हाधिकाऱ्यांना, हे विसरू नये.

जमिनीचे वर्णन करताना चतुःसीमा आणि गट नंबर दोन्ही द्यावेत, आणि एकदा तरी स्वतः जाऊन शेत पाहावे. आमच्याकडे एकाच जमिनीचे दोन नकाशे असू शकतात, एक महसुलाचा आणि एक वनखात्याचा, आणि ते जुळतीलच असे नाही. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे कागद पश्चिम महाराष्ट्रातल्या वकिलांनी क्वचितच पाहिले असतील. गुरे चारण्याचा, जळाऊ लाकडाचा, तलावातल्या पाण्याचा गावाचा हक्क त्यांत लिहिलेला असतो. त्याची नक्कल दाव्याआधी काढावी. झुडपी जंगलाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगल या शब्दाचा व्यापक अर्थ लावला आणि २२ मे २०२५ रोजी विदर्भातल्या झुडपी जमिनी वनजमिनीच समजाव्यात असा निर्णय दिला. १९९६ पूर्वीच्या वाटपांना केंद्राच्या मंजुरीची वाट मोकळी ठेवली, एवढेच. कर्जाच्या कागदांत जुन्या नोंदी पाहताना मी या दोन शब्दांपाशी हटकून थांबत असे. चंद्रपुरात प्लॉट घेणाऱ्यांनीही थांबावे.

भाषेविषयी कोणी बोलत नाही. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, हे चांगलेच झाले. पण साक्षीदाराची भाषा मराठी असतेच असे नाही. एटापल्लीकडे माडिया, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, कोरचीला छत्तीसगढी. एका कामात मी माझ्या पाळीची वाट पाहत बसलो होतो. पिंजऱ्यात एक माडिया म्हातारा होता. वकिलांनी एका दमात विचारले, ‘सदर जमिनीची वहिवाट तुम्ही करत नाही व प्रतिवादीच तिचा उपभोग घेत आहे, हे म्हणणे खोटे नाही असे असताना तुम्ही ते नाकारता काय?’ दुभाष्याने चार शब्द सांगितले. म्हातारा म्हणाला, ‘हो.’ न्यायाधीश शांत गृहस्थ होते. त्यांनी लेखणी थांबवली आणि कशाला हो म्हणालास, ते विचारायला लावले. उत्तर आले, ‘जमीन आहे का विचारलं. आहे ना.’ कोर्टात हशा पिकला. मी मात्र त्या म्हाताऱ्याकडे पाहत होतो. लोक का हसत आहेत ते त्याला कळले नव्हते, आणि शेत त्याचे पणाला लागले होते.

२००२च्या दुरुस्तीपासून सरतपासणी शपथपत्रावर होते, त्यामुळे हा धोका वाढलाच आहे. मुन्शी छापील थाटाचे मराठी टंकित करतो, साक्षीदार अंगठा उमटवतो. उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येतो, ‘यात काय लिहिले आहे?’ साक्षीदार गप्प. कायद्याने भक्कम असलेला दावा त्या गप्प बसण्याने पोखरला जातो. उपाय साधा आहे. शपथपत्र त्याच्या भाषेत वाचून दाखवावे, ज्याने समजावले त्याचे नाव आणि सही खाली घ्यावी. आणि मुळात शपथपत्रच साक्षीदार बोलतो तसे, आखूड वाक्यांत लिहावे. ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ यांवाचून न्याय अडत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कैफियतीला ३० दिवस, कारण दाखवून ९० पर्यंत. त्यापुढेही अपवादाने मुभा मिळू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले, पण अपवादाच्या भरवशावर वकिली करू नये. दावा गैरहजेरीत निघाला तर पुन्हा उभा करायचा अर्ज ३० दिवसांत. पेशी आता मोबाइलवर दिसते, तेव्हा अशिलाला केसचा सोळा आकडी-अक्षरी नंबर लिहून द्यावा. गावात एक तरी पोरगा तो पाहू शकतो. जुना पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. दिवाणी संहिता मात्र अजून १९०८चीच आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे खासगी वकिलानेही सांगावे. त्याने आपली फी बुडते असे वाटत असेल तर बुडू द्यावी.

तडजोडीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. लोकअदालतीत मिटलेल्या कामाची कोर्ट फी परत मिळते, निवाड्यावर अपील नसते, तो हुकूमनाम्याइतकाच पक्का. बँकेच्या बाजूने मी अशा कित्येक तडजोडींवर सह्या केल्या आणि त्यांतल्या बहुतेक दोघांच्याही सोयीच्या होत्या. पण समोरच्याला आपण नेमके काय सोडतो आहोत हे कळले नसेल, तर ‘अपील नाही’ हाच गुण त्याच्या गळ्याशी येतो. तडजोडीचा कागदही त्याच्या भाषेत वाचला गेला पाहिजे.

आणि शेवटी दरखास्त. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली लिहून ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितले आहे. तरी ताब्याचा दिवस ठरवून घेणे वकिलाच्याच हाती असते. धान उभे असताना बेलीफ शेतात नेला की भांडण पेटते, विरोध होतो, पोलीस मागावे लागतात आणि दरखास्त पुन्हा लांबते. धान कापून बांधीतून निघाल्यावर, डिसेंबर ते मे या दिवसांतली तारीख मागावी. भूमी अभिलेखचा मोजणीदार त्याच दिवशी हजर राहील अशी फी आधीच भरून ठेवावी, खुणेचे दगड समोर रोवून घ्यावेत, आणि कब्जेपावतीची नक्कल हातात पडली की घरी न जाता सरळ पटवाऱ्याच्या साझ्यावर जाऊन फेरफाराचा अर्ज द्यावा. त्याची पोच घ्यावी.