कुत्रा मागे लागला तर पायडल जोरात मारू नका

पहाटे पेपरची लाईन टाकणारी मुले, दुधाच्या पिशव्या पोचवणारे, रात्रपाळी संपवून घरी परतणारे कामगार आणि शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर शाळा गाठणाऱ्या मुली, या सर्वांना एक त्रास सारखाच भोगावा लागतो. गल्लीच्या तोंडाशी कुत्री अंगावर येतात. मोटारीत बसणाऱ्याला काच वर करता येते. सायकलवाल्याच्या पोटऱ्या मात्र कुत्र्याच्या अगदी तोंडासमोर असतात. म्हणून हा विषय आम्ही आज कुटुंबाच्या पानावर घेत आहोत.

कुत्रा का धावतो?

जे पळते त्याच्यामागे पळायचे, हा कुत्र्याचा स्वभावच आहे. शिवाय प्रत्येक टोळीची आपली एक हद्द असते. त्या हद्दीत अनोळखी माणूस वेगाने शिरला की ती भुंकतात, धावतात आणि हद्द संपली की बहुधा परत फिरतात. व्यालेली कुत्री पिल्लांच्या काळजीने जास्तच चिडकी असते. तिची जागा ठाऊक असेल तर चार दिवस दुसऱ्या रस्त्याने जावे.

अशा वेळी आपण घाबरून सायकल पळवतो. तिथेच घात होतो. लक्ष मागे, समोर खड्डा, हॅण्डल डगमगते. कुत्र्याच्या दातांपेक्षा मागून येणाऱ्या ट्रकखाली जाण्याचा धोका मोठा असतो.

मग काय करावे?

पायडल मारणे थांबवा आणि ब्रेक हळूहळू लावा. कुत्रा ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूला उतरा. आता सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये आली. खणखणीत आवाजात ‘हट्’ म्हणा. पण किंचाळू नका, त्याच्या डोळ्याला डोळा लावू नका. लाथ तर मुळीच मारू नका, कारण त्यात आपण आपलाच पाय त्याच्या तोंडापुढे करतो. पाठ न फिरवता सायकल हातात धरून गल्ली संपेपर्यंत चालत जा. पळणारी वस्तू थांबली की बहुतेक कुत्र्यांचा जोर ओसरतो.

पडलातच तर अंग आखडून घ्या, मुठी मानेमागे आणि कोपरे कानांवर ठेवा आणि निपचित राहा. कॅरिअरवर मूल असेल तर आधी त्याला कडेवर घ्या. ओढणी आणि पदर खोचूनच सायकलवर बसावे. रोजच्या वाटेवरील कुत्र्यांना दगड मारत गेलात तर ती तुमच्या सायकलीवरच डूख धरतात. हळू जाऊन दोन शब्द बोललात तर तीच ओळखीची होतात.

काही मुले घरचा कुत्रा दोरीने हॅण्डलला बांधून पळवतात. मांजर दिसताच कुत्रा झेप घेतो आणि मुलगा सायकलसकट आडवा होतो. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. तापलेल्या डांबरावर त्याचे पंजे भाजतात. त्याला पायी चालतच फिरवावे.

चावला तर एक तासही दवडू नका

पिसाळी म्हणजे रेबीज. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. तिखट, चुना, हळद, तंबाखू काहीही भरू नका. मांत्रिकाकडे जाऊ नका. तडक सरकारी दवाखाना गाठा.

पोटात १४ इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती अजून अनेक घरांत आहे. ती जुनी लस २००५ च्या सुमारास आपल्या देशातून बंद झाली. आता सुई दंडावर देतात. कातडीत द्यायची लस पहिली सुई घेतल्यावर ३, ७ आणि २८ व्या दिवशी पुन्हा घ्यावी लागते. स्नायूत देत असतील तर १४ व्या दिवशी आणखी एक. रक्त आले असेल तर जखमेत भरायच्या सिरमबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. जखम बरी दिसली म्हणून पुढच्या सुया चुकवू नका. रोग महिना-दोन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा डोके वर काढतो.

एक गोष्ट माता-पित्यांना कळकळीने सांगावीशी वाटते. आई रागावेल, दवाखान्याच्या पायी तिचा रोज बुडेल, म्हणून मुले ओरखडा लपवतात. ‘कुत्र्याचे नुसते नख लागले तरी घरी सांग, कोणी रागावणार नाही,’ हे वाक्य आजच मुलांच्या कानी घाला.

वस्तीचे कामही विसरू नये. उघड्यावर उष्टे-खरकटे पडते तिथे कुत्र्यांची टोळी जमते. २०२३ च्या नियमांनुसार कुत्र्यांची नसबंदी करणे आणि लस टोचून त्यांना त्याच जागी सोडणे ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. एकट्याने तक्रार करून दाद लागत नसेल तर महिला मंडळाने वीस-पंचवीस सह्यांचा अर्ज नगरपालिकेत द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.