कागदी वाघ आणि करंजीचे कातण

दिवाळी जवळ आली की आमच्या पुण्याच्या घरात पहिला मान भिंतींचा. चुन्याचे पोपडे पत्र्याच्या तुकड्याने खरवडावेत, भेगांत लांबी भरावी, वर डिस्टेंपरचे दोन हात द्यावेत, की लक्ष्मीला यायला घर तयार! चाळीस वर्षे हे काम मी कुणा रंगाऱ्याला हात लावू न देता केले. म्हणून २०१९ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता लेकीकडे इंग्लंडात, लेस्टरला गेलो आणि ती म्हणाली, "बाबा, बाळाच्या खोलीतल्या भिंतींचा कागद काढायचाय हो," तेव्हा मी चक्क हसलो. कागद तो कागद! त्याला सोलायला कितीसा वेळ?

वाचकहो, ते हसू मला महागात पडले.

लेकीला सातवा महिना लागलेला. घर नुकतेच कर्ज काढून घेतलेले. लाल विटांच्या, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेतले, १९०० च्या आसपासचे. तिकडे माणसाच्या हाताला फार मोल. कारागीर बोलवावा तर महिन्याचा हिशेब कोलमडायचा. तेव्हा जावईबापू कामावर जाणार, आमची मंडळी स्वयंपाक सांभाळणार आणि खोली दिवाळीपर्यंत मी तयार करणार, असे ठरले.

आपल्याकडे भिंतीला कागद लावण्याची चाल फारशी रुजली नाही. चार महिने पाऊस आणि घाम गाळणाऱ्या भिंती. कागद टिकणार कसा? इंग्रजाला मात्र त्याचे मोठे वेड. इतके, की १७१२ साली तिथल्या सरकारने छापील भिंत-कागदावर कर बसवला आणि तो १८३६ पर्यंत वसूल केला. लोकही वस्ताद! कोरा कागद आणून भिंतीला चिकटवत आणि मग त्यावर नक्षी काढून घेत. कर चुकवण्याची कला कुणा एका देशाची नाही, हे वाचून मला बरे वाटले.

पण आमच्या नशिबी आलेला कागद नक्षीचा नव्हता. तो होता लाकडाचा भुसा आणि बारीक ढलप्या मिसळलेला खरबरीत कागद. हूगो एरफुर्ट नावाच्या एका जर्मन गृहस्थाने तो १८६४ साली काढला, आणि पुढे १९७० नंतरच्या काळात इंग्लंडातल्या घराघरांत तो पसरला. कारण सोपे आहे. भिंत कितीही वेडीवाकडी, भेगाळलेली असो, हा कागद वर ताणला आणि रंग फासला की झाकली मूठ! पण झाकलेले उघडायची पाळी ज्याच्यावर येते, त्याने काय करावे?

मी पहिल्या दिवशी ओल्या फडक्याने भिंत पुसत बसलो. पाणी वरून ओघळून थेट जमिनीवर. संध्याकाळपर्यंत नखाएवढे तुकडे निघाले, तेही माझ्या नखांसकट. चूक कळली ती दुसऱ्या दिवशी. कागदाखालची खळ पाण्याने सुटते हे खरे. परंतु कागदावर रंगाचे चारपाच हात चढलेले, आणि असला रंग म्हणजे भिंतीला घातलेला रेनकोट. पाणी खळीपर्यंत पोहोचणारच कसे?

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. उभा जन्म लोकांच्या भिंतींना कागद लावण्यात गेलेला. माझी दैना पाहून त्यांनी आपल्या पेटीतून एक हत्यार काढून दिले. तळहातात मावेल अशी गोल मूठ आणि तिच्या पोटाशी बारीक दातेरी चाके. ते कागदावर गोलगोल फिरवायचे, की चाकांचे दाते कागदाला शेकडो बारीक भोके पाडतात आणि पाणी त्यांतून आत शिरते. अमेरिकेत अशा एका हत्याराचे नावच 'पेपर टायगर', म्हणजे कागदी वाघ! म्हाताऱ्याने देताना एवढेच बजावले, की दाबू नका.

आता, चाळीस वर्षे भिंती खरवडलेल्या माणसाला 'दाबू नका' म्हणून कोण ऐकतो? मी वाघावर सगळा भार टाकला. कर्र कर्र आवाज येऊ लागला तसा मला चेव चढला. तासाभरात अर्धी भिंत चाळणीसारखी केली, वर पाणी मारले आणि ताटाएवढा कागद सोलून ओढला. त्याच्यासोबत ताटाएवढा गिलावाही आला. दाते कागद फाडून थेट जुन्या चुन्याच्या गिलाव्यात घुसले होते. तो आधीच विटांपासून सुटत आलेला. कागदाने धरून ठेवला होता इतकेच.

रात्री जावईबापूंनी ते भगदाड पाहिले आणि काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. गवंड्याला फोन करून विचारले, तर एका खोलीच्या गिलाव्याचा त्याने सांगितलेला आकडा ऐकून लेक खुर्चीत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, तुम्ही आता राहू द्या. आम्ही पाहू."

मी कोट घालून बाहेर पडलो. बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे टांगण्याची तयारी चालली होती. मिठाईच्या दुकानांत गर्दी होती, सगळीकडे गुजराती बोलणे कानावर पडत होते. पण माझे कशात लक्ष लागेना. बाळासाठी एक खोली करायला आलो आणि होती ती भिंत पाडली!

घरी आलो तर आमची मंडळी करंज्या करीत बसलेली. मी मुकाट्याने समोर बसलो. तिने करंजीची कड दाबली, कातण फिरवले, आणि हातातले काम न थांबवता म्हणाली, "अहो, कातण फिरवताना करंजी कापायची असते. पोळपाट नव्हे."

झाले! वाघाचे मर्म मला पोळपाटापाशी कळले.

दुसऱ्या दिवशी लेकीची विनवणी करून एक कोपरा मागून घेतला. खोलीची वीज बंद केली, जमिनीवर जुन्या चादरी अंथरल्या. हत्यार नुसते हाताच्या वजनाने फिरवले. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकून स्पंजाने ते भिंतीला लावले आणि पंधरा मिनिटे हात बांधून बसलो. पुन्हा लावले, पुन्हा बसलो. मग रुंद पात्याची पटाशी जवळजवळ आडवी धरून सरकवली, आणि कागद ओल्या सालीसारखा खाली आला. जिथे हट्ट धरी तिथे वाफेच्या यंत्राची थाळी अर्धा मिनिट. जास्त नाही, कारण जुना गिलावा वाफेनेही सुटतो. हे सगळे लिहायला चार ओळी लागल्या. करायला नऊ दिवस लागले, आणि त्यांतला निम्मा वेळ मी नुसता बसलो होतो.

भुशाच्या कागदाखाली नारिंगी वर्तुळे निघाली, त्याखाली फिकट गुलाब, त्याखाली तपकिरी पट्टे. एकेका संसाराने मागच्याचा कागद न काढता वर आपला डकवलेला. सगळ्यांत तळाशी हिरवा रंग दिसला, तशी लेक दारातूनच ओरडली, "बाबा, थांबा!" जुन्या हिरव्या रंगांत सोमल असे, हे तिने कुठेसे वाचले होते. ते खोटे नाही. एकोणिसाव्या शतकात सोमलाचा हिरवा रंग घातलेले कागद इंग्लंडात खूप खपले. आमचे घर त्या लाटेनंतरचे, आणि हा हिरवा बोट ओले करून पुसला तर खडूसारखा बोटावर आला. हा तर आपला डिस्टेंपर! तरी त्या दिवसापासून लेकीला खोलीची बंदी. ओल्या फडक्याने पुसायचे, कोरडे घासायचे नाही, असा नियम केला.

भय निघाले ते दुसरीकडेच. दुकानातून शिशाची परीक्षा करण्याचा लहानसा संच आणला. भिंत सुटली, पण खिडकीच्या चौकटीवरच्या जुन्या रंगात शिसे सापडले. पोटातल्या आणि रांगत्या लेकराला ते विषच. मी तर आदल्याच दिवशी ती चौकट कानशीने घासायला घेणार होतो! रंग शाबूत होता, म्हणून त्याला न खरवडता वर नव्या रंगाचे दोन हात दिले.

भगदाड मीच चुन्याने भरले. तीन थरांत, प्रत्येक थर वाळू देऊन. जावईबापू रात्री कामावरून येऊन दिवा धरीत. तिसऱ्या थराच्या दिवशी त्यांनी थापी मागून घेतली आणि बऱ्यापैकी चालवली. २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी खोलीचा शेवटचा हात ओला होता, म्हणून पणती दाराबाहेर ठेवली.

आता तिथे नातू लोळतो. सकाळचे तिरपे ऊन आले की माझे ठिगळ भिंतीवर स्पष्ट दिसते. परवा लेकीचा फोन आला. जिन्याच्या भिंतीवर तोच भुशाचा कागद आहे म्हणे, आणि तो दोन मजले उंच आहे. "कधी येताय, बाबा?" असे तिने विचारले. आमच्या मंडळींनी मला न विचारता हो सांगितले, आणि कातण सामानात घालून ठेवले आहे.