लसनिर्मात्याचा वर्षाचा हिशेब : मॉडर्ना, २०२१ ते २०२४

औषध-उद्योगाचे अर्थकारण : लेखांक ६

मागील लेखांकात औषध-कंपनीच्या नफा-तोटा पत्रकाची ओळख करून देण्यात आली. ते पत्रक लसनिर्मात्याचे असेल, तर त्याचे वाचन निराळ्या रीतीने का करावे लागते, हे या लेखांकात पाहावयाचे आहे. मधुमेहाची गोळी रुग्ण रोज आणि बहुधा आयुष्यभर घेतो. लस मात्र निरोगी माणसाला मोजक्याच वेळा टोचली जाते, तिचा मोठा ग्राहक बहुतेक वेळा सरकार असते आणि साथ ओसरली की तिची मागणीही ओसरते. या चढउताराचे स्पष्ट उदाहरण म्हणजे अमेरिकेतील केंब्रिज येथील मॉडर्ना ही कंपनी, कारण २०२४ मध्ये तिच्या आरएसव्ही लसीला मान्यता मिळेपर्यंत कोविडची लस हेच तिचे बाजारातील एकमेव उत्पादन होते.

या कंपनीचे आर्थिक वर्ष भारतातल्याप्रमाणे एप्रिलमध्ये नव्हे, तर जानेवारीत सुरू होते. २०२१ मध्ये तिचे एकूण उत्पन्न सुमारे १,८५० कोटी डॉलर आणि निव्वळ नफा, म्हणजे सर्व खर्च व कर वजा जाता उरलेली रक्कम, सुमारे १,२२० कोटी डॉलर होता. २०२२ मध्ये उत्पन्न वाढून सुमारे १,९३० कोटींवर गेले, तरी नफा मात्र सुमारे ८४० कोटींवर उतरला. उत्पन्न वाढूनही नफा एक-तृतीयांशाने का घटला, याचे उत्तर ‘विक्रीचा खर्च’ या रकान्यात सापडते. विकलेला माल तयार करण्यासाठी आलेला हा खर्च २०२१ मध्ये लसविक्रीच्या सुमारे १५ टक्के होता, तो २०२२ मध्ये २९ टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर पोहोचला.

या वाढीचे मूळ लसीच्या कुपीतच आहे. मॉडर्नाची लस साधारणतः उणे २० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवावी लागते; साध्या शीतपेटीत, म्हणजे २ ते ८ अंशांत, महामारीच्या काळातील कुपी ३० दिवस टिके, आणि एकदा सुई खुपसली की १२ तासांत संपवावी लागे. मुदत संपलेली कुपी टाकून द्यावी लागते आणि तिची किंमत हिशेबातून वजा करावी लागते. या वजावटीला साठ्याचे निर्लेखन म्हणतात. त्यातच महामारीसाठी उभारलेली, परंतु आता वापराविना पडून राहिलेली उत्पादनक्षमता असते, जिचे भाडे, पगार आणि करारांची देणी एकही कुपी भरली नाही तरी चुकत नाहीत.

सरकारांची आगाऊ खरेदी ओसरल्यावर २०२३ मध्ये उत्पन्न सुमारे ६८० कोटी डॉलरवर घसरून सुमारे ४७० कोटींचा तोटा झाला, आणि २०२४ मध्ये सुमारे ३२० कोटींच्या उत्पन्नावर सुमारे ३६० कोटींचा तोटा झाला. तथापि या तोट्याचे एकच कारण मानणे चुकीचे ठरेल. संशोधन व विकासावरील खर्च २०२१ मध्ये सुमारे २०० कोटी डॉलर होता, तो २०२३ मध्ये सुमारे ४८० कोटींवर गेला. म्हणजे तोट्याचा काही भाग मुदतबाह्य कुपींचा आणि रिकाम्या क्षमतेचा असला, तरी मोठा भाग भावी लसींवर केलेल्या खर्चाचा आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटलाही ही ओहोटी चुकली नाही. मागणी आटल्यामुळे तिने डिसेंबर २०२१ मध्ये कोविशील्डचे उत्पादन थांबवले आणि पुढे सुमारे १० कोटी मात्रांची मुदत संपल्याचे सांगितले. मात्र १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला गोवर, घटसर्प, धनुर्वात यांसारख्या नित्य लसीकरणातील लसींचा कायमचा आधार होता, आणि असा आधार मॉडर्नाजवळ नव्हता.

रिकामी उत्पादनक्षमता हिशेबात तोटा म्हणून दिसत असली, तरी पुढील साथीत समाजाला हीच क्षमता तत्काळ हवी असते. म्हणून ती टिकवण्याचा भार एकट्या कंपनीच्या पत्रकावर न टाकता सरकारांनी शांततेच्या काळातील खरेदी-करारांतून उचलला पाहिजे. वाचकांनीही लसनिर्मात्याचा वार्षिक अहवाल हाती घेताना नफ्याच्या शेवटच्या ओळीवर थांबू नये; आधी साठा, मग उत्पादनक्षमता आणि त्यानंतर संशोधनाचा खर्च पाहावा, आणि मगच त्या वर्षाचे मोल ठरवावे.