नाव, हयात आणि खण : संकलकाचे स्मृतिवाटप

भाषांतरात काय हरवते, हा तौलनिक साहित्याभ्यासाचा जुना प्रश्न आहे. संगणकविश्वातील भाषांतरकार म्हणजे कंपायलर किंवा संकलक. त्याच्या भाषांतरात चलांची नावे लोपतात आणि जागा तेवढ्या उरतात. या जागा कशा ठरतात, हे पाहणे उद्बोधक आहे.

एखादे फंक्शन कार्यान्वित झाले की स्मृतीच्या चळतीवर त्याची चौकट उभी राहते आणि ते संपताच मोडते. स्थानिक चलांना या चौकटीत खण मिळतात. प्रत्येक नावाला स्वतंत्र खण देणे सोपे, पण उधळे. जावाचा संकलक एका कंसातील चलांचे खण, तो कंस मिटल्यावर, पुढील कंसातील चलांना देतो.

याहून सूक्ष्म निकष हयातीचा आहे. ‘मुद्दल’वरून ‘व्याज’ काढले आणि पुढे ‘मुद्दल’चा उपयोगच नसेल, तर ते नाव दृष्टीस पडत असूनही मृत होय, त्याच्या खणात ‘व्याज’ राहू शकते. ही हयात ठरवण्यासाठी संकलक आज्ञावली शेवटाकडून आरंभाकडे वाचतो. छोट्या नाटक मंडळीत एक नट दोन भूमिका करतो, मात्र त्या दोन पात्रांची रंगमंचावर गाठ पडता कामा नये. खणांचा नियमही हाच. एकाच वेळी हयात असणारी चले रेषांनी जोडून त्यांना भिन्न रंग देण्याची पद्धत आयबीएममधील ग्रेगरी चायटिन व सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रोसेसरमधील मोजक्या रजिस्टरांच्या वाटपासाठी मांडली. रजिस्टरांत न मावणारी चले चौकटीतील खणांत जातात.

पवईच्या आय.आय.टी.तील उदय खेडकर व अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेल्या ‘डेटा फ्लो अॅनालिसिस’ (२००९) या ग्रंथात अशा विश्लेषणाची सैद्धांतिक मांडणी आहे. तिच्यातील एक तत्त्व आपल्यालाही विचारात घेण्याजोगे आहे. आज्ञावली प्रत्यक्षात कोणत्या वाटेने जाईल, हे संकलकाला आधी नेमके कळत नाही. म्हणून एका जरी संभाव्य वाटेवर चलाचा उपयोग दिसला, तरी ते हयात मानले जाते. मृताला हयात समजल्यास केवळ जागा वाया जाते. हयाताला मृत ठरवल्यास अर्थच बिघडतो. संक्षेप करणाऱ्या भाषांतरकारानेही संशयाचा फायदा मूळ संहितेलाच द्यावयास हवा.